झोक्याच्या फळीखालची जाहिरात

आमच्या साडूंइतका अस्वस्थ माणूस तापीच्या अलीकडे दुसरा झाला नाही, आणि पलीकडे झाला असेल तर तोही एकदा आमच्या साडूंना भेटून गेलेला असणार. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे हे यजमान. आम्ही दोघेही जळगावात राहणारे आणि दोघांची सासुरवाडी एकच, पारोळ्याजवळचं एक गाव. त्यामुळे सणावाराला एसटीच्या एकाच बाकावर बसून जायचा योग वर्षातून चार-सहा वेळा यायचा. बसायचा मी. ते उभे असायचे. बाक रिकामा असला तरी उभेच, कारण बसलं की डोकं चालायचं थांबतं असा त्यांचा सिद्धान्त होता. चहा ते अंगणात येरझारा घालत प्यायचे आणि घरातल्या प्रत्येक खिडकीत एकेक उष्टी कपबशी ठेवून यायचे. लग्नाच्या पंगतीत बसले की जिलबी येईपर्यंत दोनदा उठून, मांडवात कोणत्या दारानं जास्त माणसं येतात ते पाहून यायचे. "जवाईबुवाच्या पायाला भिंगरी शे," असं कुणी म्हटलं की आमच्या सासूबाई म्हणायच्या, "भिंगरी बरी व माय, ती एक जागावर तरी फिरस."

या माणसानं धंद्यात कधी स्वतःच्या मालकीची एक वस्तू विकली नाही. विकलं ते सगळं दुसऱ्याचं. कधी फवारणीचे पंप, कधी कुकर, कधी स्वेटर विणायची यंत्रं. जळगावच्या उन्हाळ्यात स्वेटर विणायची यंत्रं विकायला घेणारा माणूस मी एकच पाहिला. माल कारखान्याचा, पैसे गिऱ्हाइकाचे, आणि नगामागे मिळेल ते कमिशन यांचं. "साडू, मी काही विकत नाही. मी फक्त वाट दाखवतो," असं ते म्हणत. मालात त्यांना काडीचा रस नव्हता. कुकरला किती शिट्ट्या झाल्या की डाळ शिजते हे त्यांना शेवटपर्यंत सांगता आलं नाही. त्यांचा जीव अडकलेला असे तो एकाच गोष्टीत: हे गिऱ्हाईक इथवर आलं ते कोणत्या वाटेनं?

म्हणून समोर कुणीही आलं की त्यांचा पहिला प्रश्न "या, बसा" असा नसे, "कुठून कळलं?" असा असे. मला मुलगा झाला तेव्हा मी पेढे घेऊन गेलो. त्यांच्याकडे बातमी आधीच पोचली होती आणि कुणाकडून किती वाजता पोचली याचा शोध घेण्यात ते इतके गुंतले होते की पेढा हातातच राहिला. त्यांचे वडील गेले तेव्हा लोक भेटायला येत होते. साडू खरोखर हेलावले होते, डोळे सुजले होते. रावेरहून एक म्हातारे गृहस्थ आले, गळ्यात पडून रडले. साडूंनीही हुंदका दिला आणि त्या हुंदक्यातच विचारलं, "आबा, तुम्हाला कुठून कळलं?" म्हातारे म्हणाले, पेपरात वाचलं. साडूंनी डोळे पुसले, माझ्याकडे वळले आणि हळूच म्हणाले, "रावेरपर्यंत पेपर चालतो बरं का."

लोक या प्रश्नाला खरं उत्तर देत नाहीत हे त्यांच्या लवकरच ध्यानात आलं. बहुतेक जण "असंच कळलं" म्हणतात. मग त्यांनी एक युक्ती काढली, आणि ती इतकी बिनतोड होती की मी अजूनही तिच्यापुढे टोपी काढतो. प्रत्येक जाहिरातीत त्यांनी स्वतःला वेगळं नाव दिलं. पेपरात घालून वाटायच्या पत्रकावर 'नानांना भेटा'. टॉकीजमध्ये मध्यंतराला दाखवायच्या स्लाइडवर 'आबांना भेटा'. भोंगा लावून फिरणाऱ्या रिक्षात 'भाऊंना भेटा'. गिऱ्हाईक दारात येऊन कुणाचं नाव घेतं यावरून ते कोणत्या वाटेनं आलं हे त्याला न विचारता कळायचं. एकदा मात्र सावद्याचे एक केळीवाले शेतकरी "नाना आहेत का?" म्हणत आले आणि समोर बसलेले दुसरे गृहस्थ साडूंना आबा म्हणताहेत हे पाहून उठले. "नाना येतील तेव्हा येतो. आबांचा भाव जास्त असेल," म्हणाले. साडू आत गेले, टोपी घालून मागच्या दारानं वळसा घेऊन आले आणि नाना झाले. पंप खपला. पण त्या पंपाची नोंद नानांच्या नावावर धरावी की आबांच्या, या विवंचनेत त्यांचे दोन दिवस गेले.

कोणतीही नवी जागा ते एकदम मोठ्या हातानं वापरत नसत. शितावरून भाताची परीक्षा, हे त्यांचं ब्रीद. आधी एकच टॉकीज, एकच आठवडा; चाललं तर पुढं. परीक्षा मात्र कसून. स्लाइड लावली त्या आठवड्यात ते रोज पहिल्या रांगेत जाऊन पडद्याकडे पाठ करून उभे राहायचे आणि लोकांचे डोळे बघायचे. तो सिनेमा त्यांनी अकरा वेळा पाठीनं ऐकला. "स्लाइड येते तेव्हा सगळे मुतारीत असतात," हा त्यातून निघालेला निष्कर्ष. मग त्यांनी न्हाव्याच्या आरशाची परीक्षा घेतली. माणूस अर्धा तास खुर्चीत, मान हलवायची सोय नाही, समोर वाचायला दुसरं काही नाही. याहून चांगली जागा कोणती? रावेरच्या एका सलूनच्या आरशावर कागद चिकटला. केळीच्या गाड्या भरणारे लोक तो महिनाभर वाचत राहिले, पाठ झाला त्यांना. पण गिऱ्हाईक एकही नाही. त्या दिवशी साडू आमच्या स्वयंपाकघराच्या दारात चौकटीला धरून उभे होते आणि माझ्या बायकोला म्हणाले, "वाचतात पुरुष आणि ठरवतात बाया. मी इतकी वर्षं चुकीच्या माणसांना वाट दाखवत होतो." बायको पोळ्या लाटत होती. ती म्हणाली, "भाऊजी, हे मला विचारलं असतं तर फुकट सांगितलं असतं."

हे सगळं नव्वदीच्या सुरुवातीचं. त्या सुमारास गुजरातेतल्या एका कारखान्याच्या घरघंटीचं काम त्यांच्याकडे आलं. घरघंटी म्हणजे विजेवर चालणारी घरगुती पिठाची चक्की. लहान कपाटाएवढी, वरून धान्य टाकायचं, खालून पीठ घ्यायचं. जळगाव जिल्हा आमच्या साडूंकडे होता आणि धुळे जिल्हा धुळ्याच्या एका दुकानदाराकडे. तो दुकानदार मी एकदा पाहिला होता. पंख्याखाली बसून राहायचा, आलेल्याला "हां, आहे" म्हणायचा, आणि जाहिरातीवर त्यानं उभ्या जन्मात छदाम खर्चला नव्हता. कारखान्यानं पाडव्याला कळवलं की आता दोन्ही जिल्ह्यांची मिळून एकच एजन्सी कायमची द्यायची आहे. जूनच्या सुरुवातीला मिरग लागेपर्यंत ज्याच्या जिल्ह्यात जास्त घंट्या खपतील त्याला.

हे पत्र आलं आणि साडूंचं उभं राहणंही बंद झालं. ते नुसते चालू लागले. अक्का, म्हणजे माझी मेव्हणी, फार बोलणारी बाई नव्हती. पंप, कुकर, स्वेटरयंत्रं असे अकरा संसार तिनं या एका नवऱ्याबरोबर केले होते, आणि प्रत्येक वेळी माल उतरवून घ्यायला आणि उरलेला परत पाठवायला तिचेच हात असत. ती माझ्या बायकोला म्हणाली, "एकदा यांची स्वतःची पाटी लागू दे. मग घरात बसतील तरी." साडूंचं वय तेव्हा सेहेचाळीस. एजन्सी मिळाली तर ते पहिल्यांदा कशाचे तरी मालक होणार होते. ती मिळणार नाही ही कल्पना दोघांच्याही मनाला शिवत नव्हती, आणि मला त्याचीच भीती वाटत होती.

चैत्र निम्मा सरला, आकडा काही हलेना. आणि एक दिवस ऑफिस सुटल्यावर पाहतो तर साडू पाटबंधारे खात्याच्या फाटकाशी येरझारा घालताहेत. "साडू, बाया सापडल्या!" भर रस्त्यात ते ओरडले. माझ्याबरोबरचे हेडक्लार्क झटकन दुसऱ्या बाजूला गेले. मग साडूंनी खुलासा केला. आखाजी. अक्षय तृतीया. आमच्या खान्देशात आखाजीला सासरी गेलेली प्रत्येक लेक माहेरी येते. लिंबाच्या झाडांना झोके बांधतात, आठ-आठ दिवस बाया गाणी म्हणतात, झोके घेतात, आणि त्या दिवसांत कुणी त्यांना काम सांगत नाही. "सगळ्या बाया एका झाडाखाली. हातात काम नाही. डोक्यावर सासू नाही. आणि दळणाचा विषय काढला तर पेटून उठतील अशा. अशी जागा हिंदुस्थानात कुणाला सापडली नसेल!" जाहिरात लिहायची ती झोक्यावर. गावोगाव झोक्यासाठी नव्या फळ्या फुकट वाटायच्या आणि फळीवर घरघंटीची जाहिरात रंगवायची.

पुढचा रविवार मी विसरू शकत नाही. त्यांच्या अंगणातल्या लिंबाला झोका बांधला. फळीवर मला बसवलं; पंचेचाळीस किलोचा कारकून हे एका बाईचं वजन धरायला बरोबर, असं त्यांचं गणित होतं. अक्का झोका देत होती. साडू कधी बाजूला उभे राहत, कधी जमिनीवर उताणे पडत. तासाभरानं अंगाला माती लागलेले उठले आणि म्हणाले, "बसणारी वाचत नाही, साडू. तिच्याखालीच झाकलं जातं. वाचते ती पाळीची वाट बघत उभी असलेली. अक्षरं फळीच्या खालच्या अंगाला पाहिजेत." झोका वर गेला की क्षणभर फळीचा तळ दिसतो, तेवढ्यात पाच-सहा शब्दांपलीकडे काही वाचून होत नाही, हेही त्यांनी मला वीस वेळा वर पाठवून ठरवलं. त्यामुळे मजकूर उरला तो इतकाच: 'घरघंटी घ्या. जात्याला सुट्टी. अक्कांना विचारा.'

बायका नाना-आबांना विचारायला येणार नाहीत म्हणून या वाटेचं नाव अक्का. अक्काला ते कुणी विचारलं नव्हतं. फळी रंगून आल्यावर तिनं वाचलं, पदर तोंडाला लावला आणि आत निघून गेली. रागानं की हसत, ते मला पाठीवरून कळलं नाही. "पण पत्ता?" मी विचारलं. साडू म्हणाले, "पत्ता लागतो अनोळखी माणसाचा. अक्का त्या भागाची लेक. पारोळ्याच्या पंचक्रोशीत तिला कोण ओळखत नाही?" आणि शिताची परीक्षा? आधी एक गाव, मग बाकीची? ते थांबले. जरा वेळ चक्क एका जागी उभे राहिले. "आखाजी वर्षातून एकदा येते, साडू. मिरगानंतर परीक्षा घेऊन काय करू?" त्यांनी आपली मोपेड विकली आणि अठरा गावांच्या फळ्या रंगवून घेतल्या.

आखाजीला आम्ही सगळे सासुरवाडीला होतो. झोका वर जायचा, तळ उन्हात चमकायचा आणि झाडाखाली एकच गलका व्हायचा. "फळीखाले काय लिखेल शे व बयनी?" "जाताले सुट्टी म्हणे!" "आक्काले इचारा म्हणे! अय आक्का, खरंच घरमा पीठ दयास का?" अक्का लाजून लाल झाली, पण बोलू लागली. तिला इतकं बोलताना मी प्रथमच पाहिलं. लाईट गेली तर काय, ज्वारी बारीक होते का, आवाज किती, सगळं तिला पाठ होतं. साडूंना यातलं एकही सांगता आलं नसतं. साडू दूर ओट्यापाशी उभे राहून वाट बघणाऱ्या बाया मोजत होते. शेवटी सासरे वैतागले. "जवाईबुवा, बायास्ना झोकाले तरी सोडा. त्यास्ना एकच तर सण शे." साडूंच्या कानापर्यंत ते गेलंच नाही. आसपासच्या गावांतून ते सायकलवर फिरून आले आणि सगळीकडे हेच चाललेलं पाहून इतके खूश झाले की त्या दिवशी त्यांनी बसून जेवण केलं.

नंतर आम्ही जळगावला परतलो आणि वाट बघू लागलो. वाट बघणं ही गोष्ट साडूंना देवानं दिलेली नव्हती. ते खुर्ची दारात आणत, आत नेत, पुन्हा दारात आणत. एसटी स्टँडवर जाऊन पारोळ्याच्या गाड्यांतून उतरणाऱ्या बायांची तोंडं बघत. तिथल्या कंट्रोलरनं त्यांना एकदा दटावलंसुद्धा. एक आठवडा गेला, दुसरा गेला. अक्काला विचारत आल्या फक्त तिघी, आणि त्यातल्या एकीला शिवणाचं माप द्यायचं होतं. "रस्त्यात असतील," साडू म्हणायचे. ते वाळले. मिरगाच्या आदल्या आठवड्यात त्यांनी मला विचारलं, "अक्षर बारीक झालं का हो, साडू?" मी म्हटलं, नाही. खरं म्हणजे मला तेव्हा हा सगळाच प्रकार वेडेपणाचा वाटत होता, पण त्यांच्या तोंडाकडे बघून तसं म्हणवेना.

मिरग लागला आणि कारखान्याचे साहेब आले. साडूंनी मुद्दाम मलाही बोलावून घेतलं होतं. सरकारी माणूस समोर असला की बोलण्याला वजन येतं म्हणून. साहेबांनी चहा घेतला, कागद काढला आणि शांतपणे सांगितलं की एजन्सी धुळ्याला. "धुलियावाले भाईने तो कमाल कर दी. पंधरा-बीस दिन में सारा माल साफ." मग त्यांना काहीतरी आठवलं आणि ते हसू लागले. "एक गंमत सांगू? त्याच्याकडे रोज लेडीज येतात आणि विचारतात, अक्का कुठे आहेत? अक्काच पाहिजे! आता दुकानात तर हा मिशीवाला. शेवटी त्यानं आपल्या आईला गल्ल्यावर आणून बसवलं. म्हणाला, ही घ्या अक्का!"

स्वयंपाकघराच्या दारात अक्का उभी होती. ती अगदी साध्या आवाजात म्हणाली, "आखाजी झाली, पोरी सासरी गेल्या. मी नाही का परत आले?"

एवढं सोपं होतं ते. पारोळं जळगाव जिल्ह्यात खरं, पण धुळ्याला लागून; त्या भागातल्या बहुतेक लेकी धुळ्याकडे दिलेल्या. झोक्यावर बसलेल्या बायांत त्या गावात राहणारी जवळजवळ एकही नव्हती, कारण गावातल्या सुना आपापल्या माहेरी गेलेल्या. त्या सगळ्या आठ दिवसांच्या पाहुण्या होत्या. हे साडूंना कळायला हवं होतं, मला कळायला हवं होतं; आमच्या दोघांच्याही बायका दरसाल असंच जाऊन येत होत्या. अठरा गावांच्या फळ्यांनी बायांना वाट दाखवली होती, आणि ती वाट थेट धुळ्याच्या दुकानात गेली होती.

मला वाटलं साडू आता खाली बसतील. ते उडी मारून उभे राहिले. "चाललं! साडू, चाललं! किती जणी आल्या साहेब? कुठल्या कुठल्या? सासवांना घेऊन आल्या की एकट्या?" साहेब गोंधळले. मग साडूंनी त्यांना झोका, फळी, तळाची अक्षरं, सगळं एका दमात सांगितलं. ऐकताना साहेबांच्या चेहऱ्यावर जे हसू आलं ते मी ओळखलं, कारण आमच्या ऑफिसात अर्ज घेऊन येणाऱ्या लोकांकडे आम्ही तसंच बघतो. साडू माझ्याकडे वळले. "तुम्ही सांगा यांना. तुम्ही स्वतः त्या फळीवर बसला होता."

मी पंचवीस वर्षं नोकरीत कशावरही सही करण्यापूर्वी दहा वेळा विचार केलेला माणूस. कारखान्याच्या साहेबांसमोर, इस्त्रीचा शर्ट घालून, मी अंगणात झोके घेत होतो हे सांगायची मला लाज वाटली. मी बशीकडे बघत म्हणालो, "हो, झोक्यावर काहीतरी लिहिलेलं होतं खरं." त्या 'काहीतरी'वर साहेब मनापासून हसले. अक्का पुढं येऊन म्हणाली, "साहेब, ती अक्का मी आहे." साहेबांनी हात जोडले. "बेन, असाल तुम्ही. पण माल कुठे खपला ते कागदावर. आम्ही कागद बघतो." कागदाबद्दल मी काय बोलणार? जन्मभर मीही तेच सांगत आलो होतो.

साहेब गेले. अक्कानं खिडक्यांतल्या कपबशा गोळा केल्या. माझ्या बायकोला मी ही गोष्ट सांगितली तेव्हा ती दिवसभर माझ्याशी बोलली नाही, आणि ते मला बरंच वाटलं.

दोन दिवसांनी साडू घरी आले. "तुमचं अक्षर चांगलं आहे. एक पत्र लिहून द्या," म्हणाले. पत्र धुळ्याच्या त्या दुकानदाराला होतं. मी कागद घेतला आणि मनात म्हटलं, मागा आपलं कमिशन, चांगलं ठणकावून मागा, मी हवं तितकं कडक लिहून देतो. साडू खोलीत फेऱ्या मारत सांगू लागले. 'आपणांस एजन्सी मिळाली, अभिनंदन. दरवर्षी आखाजीनंतर पंधरा दिवस पुरेल इतका माल आधीच मागवून ठेवावा. बाई पहिल्या खेपेला नुसती बघून जाते. दुसऱ्या खेपेला सासूला घेऊन येते, तेव्हा सासूशी बोलावे. ज्वारी दळून दाखवावी, गहू नको. लाईट गेली तर काय, हा प्रश्न पहिला येतो. उत्तर तयार ठेवावे. आपल्या मातोश्रींना गल्ल्यावरून उठवू नये. अठरा गावी फळ्या आहेत, गावे सोबत लिहिली आहेत. रंग तीन वर्षं टिकेल. पुढं खालच्या अंगालाच रंगवाव्यात, वरच्या नव्हे.'

माझ्याच्यानं लिहवेना. "हे सगळं त्याला कशाला देताय?" मी विचारलं. ते थांबले नाहीत, चालता चालता म्हणाले, "मग काय करू? मला कळलेलं मलाच ठेवून त्याचा काय उपयोग? मला जिल्हाच राहिला नाही." त्यांनी सही केली. पाकीट बंद करायला ते माझ्याकडे देऊन पाणी प्यायला आत गेले, तेवढ्यात मी सहीखाली घाईघाईनं एक ओळ लिहिली. 'वरील सर्व मजकूर खरा आहे. फळ्या मी समक्ष पाहिल्या आहेत, त्यांतल्या एकीवर मी स्वतः बसलो आहे.' खाली माझं पूर्ण नाव, हुद्दा आणि खातं. जिथं बोलायला हवं होतं तिथं बोललो नाही, आणि ज्याला काही देणंघेणं नव्हतं त्याला लेखी दिलं. हे मी साडूंना कधीच सांगितलं नाही. आता ते नाहीत, आणि सांगावंसं फार वाटतं.

पत्र टाकायला आम्ही दोघंच चौकातल्या पेटीपर्यंत गेलो. ऊन मिरगाचं, अंगाची काहिली करणारं. साडूंनी पाकीट आत सोडलं आणि कान लावून ते पडल्याचा आवाज ऐकला. मग निघायला वळले, पण पाय हलेनात. आमच्यामागून एक बाई आल्या, त्यांनी अंतर्देशीय पत्र टाकलं आणि त्याही क्षणभर थांबल्या, फटीत डोकावल्या, पेटीला हात लावून गेल्या. साडू त्यांच्याकडे बघत राहिले. "साडू," ते हळूच म्हणाले, "पत्र टाकलं की माणूस इथं थांबतं. बघितलंत?"

पेटी सरकारी आहे, तिला हात लावता येणार नाही, असं मी एरवी लगेच म्हणालो असतो. त्या दिवशी म्हणालो, "थांबतं खरं. किती वेळ, ते मोजू या का?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग मनगटावरचं घड्याळ सोडून माझ्या हातात दिलं, आणि आम्ही दोघं समोरच्या पानटपरीच्या सावलीत जाऊन पुढचा माणूस पत्र टाकायला येईपर्यंत उभे राहिलो.